घडीखालची सही

छत्रीच्या दुकानात माणूस छत्री घ्यायला येतो की नाही? हा फौजी मात्र नुसता पाऊस चुकवायला आत शिरला, आणि वर मालकाच्या मुलीलाच शिकवायला लागला!

"असं नाही गुंडाळायचं. द्या इकडे."

छत्र्यांतच वाढलेली मुलगी ती, डोळे मिटून घडी घातली असती. पण त्याच्या ओल्या पापण्यांकडे बघताना हात घसरला होता, हे त्याला कोण सांगणार? त्याने कापडाची एकेक पाकळी ओढून सरळ केली, फिरवली, बंद लावला. छत्री कशी, काठीसारखी सडसडीत!

"अगबाई! छत्र्यांचे डॉक्टर की काय तुम्ही?"

"पॅराशूटची घडी घालतो. मोठ्या छत्र्याच त्या... फक्त खाली माणूस लटकलेला असतो."

"आणि नाही उघडली तर?"

"प्रत्येक घडीबरोबर माझ्या सहीची चिठ्ठी असते. शिवाय साहेब कधीही म्हणतात, हीच पाठीला बांध आणि मार उडी! घडी चांगली की वाईट, ते उघडल्यावरच कळतं."

पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी स्वारी हलेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

"आज तर ऊन आहे," ती म्हणाली.

"हो ना... आज निमित्तच नाही काही."

तिने गालातल्या गालात हसत एक छत्री मुद्दाम चुरगाळली आणि पुढे केली. त्याची सगळी रजा अशीच गेली.

रजा संपताना त्याने लग्नाचं विचारलं. ती हातातल्या छत्रीचा बंद सोडू-लावू लागली. "बाबा म्हणतात, फौजीचा काय भरवसा... आज आहे, उद्या नाही."

त्याने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं – 'तपासलं. जबाबदारी माझी.' खाली तारीख, सही. "याहून मोठं वचन मला येत नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. चिठ्ठी मुठीत धरून ती तडक बाबांकडे गेली.

त्यांच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मधे एक लढाई झाली, त्यातून तो परत आला. त्याच्या हातच्या एकाही पॅराशूटने कुणाला दगा दिला नाही. निवृत्त झाला, पण सवय जाते कुठे? लेकीच्या सायकलचे ब्रेक, मुलाचं दप्तर, सासूबाईंच्या गोळ्यांची डबी, सगळं रोज तपासणार आणि चिठ्ठी लावणार. पोरं चिडवायची, "बाबा, भाजीवरही सही करा!" "आधी मीठ बघू दे," तो म्हणायचा.

आणि तिची छत्री? बाहेरून आली की ती कशीतरी गुंडाळून ठेवायची. "छत्रीवाल्याची लेक, आणि घडी येत नाही!" असं पुटपुटत तो शेजारी येऊन बसायचा. ती त्याची बोटं बघत राहायची. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तो गेला त्याला आता चार महिने झाले. आज त्याच्या सोबत्यांनी आठवणींची सभा ठेवली होती, तिला दोन शब्द बोलायचे होते. आणि नेमका पाऊस! छत्री खुंटीला होती, त्याने घातलेली शेवटची घडी.

"आई, माझी घे ना," लेक म्हणाली.

"नको."

"मग ती उघड."

"उघडली की संपलं गं. परत कोण घालणार?" तिला हुंदका आवरेना.

लेक तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिला तो दुकानातला मुलगा आठवला, ओल्या पापण्यांचा, 'घडी चांगली की वाईट, ते उघडल्यावरच कळतं' म्हणणारा. तिने खुंटीवरून छत्री काढली, बंद सोडला. फट्! एका झटक्यात उघडली. चिठ्ठी पायाशी पडली. सही थरथरलेली होती, तारीख मात्र स्पष्ट.

सभेत ती एवढंच बोलली, "आमच्या ह्यांचा हात लागलेली एकही वस्तू ऐनवेळी फसली नाही. आज पावसात आले, कोरडी आले."

घरी आल्यावर छत्री वाळेपर्यंत ती थांबली. मग एकेक पाकळी सरळ केली, फिरवली, बंद लावला. काठीसारखी सडसडीत! लेक बघतच राहिली.

"आई! तुला येतं?"

तिने उत्तर दिलं ते त्याच्या फोटोला.

"येत होतं हो मला... पहिल्या दिवसापासून येत होतं."

आणि तिने चिठ्ठीवर त्याच्या सहीखाली आपली सही केली.