फुलीवर बोट

मैत्रेयी त्या खोलीत शिरली ती चुकून. अंबरनाथला झेरॉक्सच्या दुकानावर टायपिंगचा क्लास होता. तिने एक दार अलीकडचं उघडलं. आत भर दुपारी चौघं टेबलाभोवती वाकलेली. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, वीस बाजूंचे रंगीत फासे आणि वेफर्सचा चुरा.

"आली बघा आपली वैद्यीण!" टोकाला बसलेला मुलगा म्हणाला. "किती उशीर? राजपुत्र शेवटच्या घटका मोजतोय."

"मी... टायपिंगला आलेय."

"टायपिंग उद्या पण असेल. राजपुत्र नसेल."

"मग मरू दे. असा कुणाच्याही भरवशावर राजपुत्र सोडतात का?"

सगळे हसले. तो नाही हसला — बघत राहिला. मग त्याने एक फासा तिच्याकडे घरंगळत सोडला. तिने टाकला. वीस पडले...

त्याचं नाव अभिजीत. बदलापूरला, बेलवलीत राहायचा. तो गोष्ट सांगायचा; बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, अडल्या जागी काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. असा तो खेळ. टायपिंग राहिलं बाजूला. दर रविवारी घरी गेल्यावर आई विचारायची, "किती स्पीड आला गं?" मैत्रेयी म्हणायची, "येतोय."

पाच महिन्यांत पऱ्या झाल्या, ड्रॅगन झाले. "आता थोडी भीती घाल ना यार," किर्ती म्हणाली. किर्ती त्यांच्यातली तलवारवाली. "असली हॉरर."

"राक्षस मोठा केला म्हणून कुणी घाबरत नाही," अभिजीत म्हणाला. "ओळखीची वस्तू इंचभर सरकवायची. बस."

त्याने सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. ज्याची खरंच भीती वाटते ते लिहायचं, नाव नाही. मग टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवलं. त्यावर लाल स्केचपेनने काढलेली फुली.

"कुणाला नको झालं तर यावर बोट ठेवायचं. मी तिथल्या तिथे थांबणार. का, ते विचारणार नाही. शप्पथ."

"आणि तूच घाबरलास तर?" मैत्रेयीने विचारलं.

"तर तू माझा हात धर."

"फासा टाकून ठरवते."

त्याने उठून पंखा बंद केला. एवढंच केलं — आणि खोली बदलली. कानामागून घाम उतरलेला कळावा इतकी शांतता.

पांढऱ्या महालात एक गोड राणी होती. या बाळांनो, दमला असाल, म्हणत तिने सगळ्यांना बसवलं. अभिजीतने एक चिठ्ठी उघडली, भीती कुणाच्या वाट्याला ते ठरवायला फासा टाकला. वैद्यीण.

"सगळ्यांना चांदीचे पेले," तो हळू म्हणाला. "तुझा मात्र खिडकीच्या कट्ट्यावर. वेगळा. पालथा. राणी हसतेय... आणि तुला कुणी काही सांगितलेलं नाही, तरी तो तुझाच आहे हे सगळ्यांना माहि—"

मैत्रेयीचं बोट फुलीवर होतं.

चिठ्ठी तिचीच होती. तिची आजी, भिमाबाई, एका घरी अकरा वर्षं धुणीभांडी करायची. तिचा कप त्या घराच्या खिडकीबाहेर पालथा असायचा. आजी हे हसत सांगायची, म्हणून जास्त भीती वाटायची.

अभिजीत अर्ध्या शब्दावर थांबला. पंखा लावला, खाली जाऊन चहा घेऊन आला. काही विचारलं नाही. फक्त तिच्या पुढ्यातला ग्लास उचलून एक घोट घेतला आणि परत तिच्यासमोर ठेवला.

"तो माझा होता."

"माहितेय," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे.

एवढाच तो कबुलीजबाब. तिला पुरला.

दिवाळीनंतर त्याने विचारलं, "आईला भेटशील?"

"भेटेन. पण तू असशील ना?"

"म्हणजे? माझंच घर आहे."

"तसं नाही रे..." ती म्हणाली.

बेलवलीतलं घर लख्ख होतं. शोकेसमध्ये निळ्या फुलांचे कप, पुरे बारा. टेबलक्लॉथला आईंनी स्वतः भरलेलं लाल फुल्याफुल्यांचं नक्षीकाम.

"ये गं बाळा, दमली असशील. आडनाव काय म्हणालीस?"

तिने सांगितलं.

"अस्सं," आई म्हणाल्या. हसू तसंच होतं. आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. दोन कप निळ्या फुलांचे. एक कागदाचा.

"कप कमी पडतात गं आमच्यात," त्या म्हणाल्या, आणि कागदाचा कप तिच्यापुढे इंचभर सरकवला.

मैत्रेयीने अभिजीतकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं — कप, शोकेस, सगळं. मग तिने हात टेबलावर ठेवला आणि टेबलक्लॉथवरच्या एका लाल फुलीवर बोट टेकलं.

त्याला कळलं. त्याचे ओठ हलले...

"आई," तो म्हणाला, "बिस्किटं आण ना."

वर पंखा गरगर फिरत होता.

रिक्षा स्टँडवर तो म्हणाला, "तिच्या मनात तसं नव्हतं गं. मला थोडा वेळ दे. मी समजावतो तिला."

"तिच्याबद्दल काही म्हणणंच नाही माझं. तू थांबणार होतास."

"मैत्रू, तो खेळ होता."

"हो ना," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.

रविवारी दुपारी त्याचा मेसेज आला. *तुझी वैद्यीण अजून महालातच आहे. काय करू तिचं?*

तिने लिहिलं, *ती बाहेर पडली. पेला भरलेलाच सोडून.*

*जमलं का बघू? फासा टाकू?*

*नको. याला फासा लागत नाही.*

तो कितीतरी वेळ टाइप करत होता. मग थांबला. पुन्हा करायला लागला, पुन्हा थांबला... फोनचा पडदा विझला.

मैत्रेयीने उठून पंखा बंद केला, आणि ऐकत बसली.