दहावा प्रश्न

पाटण खोऱ्यातली माणसं दंतरुग्णालयात आली की दारातल्या आरशासमोर तोंड उघडून उभी राहत. आरसा आत पाही, दहा प्रश्न विचारी आणि हातात रंगीत चिठ्ठी देई. मुळाशी ठणका असेल तर लाल, ती दंतमूळतज्ज्ञाकडे. हिरडीची काही शंका असेल तर हिरवी. वाकड्या दातांना निळी, कवळीला पांढरी, जबड्यावर शस्त्रक्रिया असेल तर पिवळी. पूर्वी यात अर्धा दिवस मोडे. आता माणूस थेट नेमक्या दाराशी पोचे. आणि त्या दाराआडच्या डॉक्टरला पडद्यावर आपल्या वाट्याचा तेवढाच भाग दिसे.

डॉ. रेवती म्हेत्रे हिरड्यांची डॉक्टर. आरशाचे दहाही प्रश्न तिनेच लिहिले होते आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

त्या सकाळी बनाबाई थोरवत तिच्याकडे आली ती तीन रंगांच्या चिठ्ठ्या घेऊन.

"लाल झाली, निळी झाली, आता तुमची हिरवी," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तोंड एक आन् डॉक्टर तीन. भावकीत वाटणी झाल्यागत झालंया बघा."

रेवतीला हसू आलं. तीन महिन्यांपूर्वी तिनेच बनाबाईच्या जबड्यात दोन दंतबीजं पेरली होती. दंतबीज म्हणजे रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेला मोहरीएवढा गोळा. त्याच्याभोवती हाडात वाढरस सोडला की चार महिन्यांत खरा, जिवंत दात उगवतो.

"भाकरी चावता येते ना, मावशी?"

"येतीया की. पर गालाला आतनं बोचतंय. निळ्यावाल्या सायबानं दाताची कड घासून दिली, लालवाल्यानं मुळाचा फोटू काढला. दोघंबी म्हंत्यात, आमच्यात काय न्हाई."

पडद्यावर हिरडी गुलाबी, निरोगी दिसत होती. रेवतीने पडदा बाजूला सारला, दिवा खाली ओढला आणि बोट घालून गाल ताणला.

आत पांढरा चट्टा होता. मधोमध लाल, कडेला टणक. बोट लागताच त्यातून रक्त आलं.

गाल आणि जीभ तपासणं मुखरोगतज्ज्ञाचं काम. त्याची करडी चिठ्ठी दहाव्या प्रश्नाला 'हो' म्हटलं तरच निघे: तंबाखू, गुटखा, विडी यांपैकी काही घेता का?

"मावशी, तंबाखू घेत नाही म्हणून सांगितलं होतंत ना?"

"न्हाईच घेत!" बनाबाईला राग आला. "आमच्या घरात बाप्यांनीबी कधी मळली न्हाई."

रेवतीने तिचा खालचा ओठ ओढून पाहिला. दातांच्या मुळाशी काळी रेघ होती. "आणि मिसरी?"

"ती व्हय? ती लावते की. दात घासाय नगं? बारा वर्साची होते तवापास्नं. सकाळी, जेवल्यावर, काम आटपल्यावर." मग जरा लाजून ती म्हणाली, "दवाखान्यात यायचं म्हनून चांगली चूळ भरून आले. वास नगं यायला."

तव्यावर जाळून कुटलेला तंबाखू. रेवतीने मिसरी हा शब्द पाठ्यपुस्तकात वाचला होता. प्रश्न लिहिताना तिला तो आठवला नाही, एवढंच. इथल्या बायकांच्या लेखी मिसरी हे व्यसन नव्हतंच. तो तोंड धुण्याचा भाग होता.

शेजारच्या खोलीत जाऊन तिने मुखशल्यतज्ज्ञ ढवळीकरांना फोन लावला आणि चट्ट्याचं सांगितलं.

"वाढरस सोडून किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"आजच दाखल करा. तो रस दात आणि चट्टा यांत फरक करत नाही, कर्करोगही तेवढ्याच वेगाने वाढवतो. हाडात मुरलाय, काढता येणार नाही. डावा जबडा जाईल, जिभेचंही काही सांगता येत नाही."

"वाचेल ना?"

"आज केलं तर आशा आहे."

रेवतीने यादी उघडली. दंतबीज पेरलेल्या, दहाव्या प्रश्नाला 'नाही' म्हटलेल्या बायका: दोन हजार तीनशे चौदा. तिने पहिल्या नावाला फोन लावला आणि मिसरी लावता का, असं सरळ विचारलं.

"छे वो! तसलं काय करत न्हाई आमी." फोन बंद. दुसरीनेही तेच सांगितलं. पूर्वी दवाखान्यात मिसरीवरून बोलणी खाल्लेल्या बायका डॉक्टरापुढे ती कबूल करत नसत. तिसरीने फोन सासूकडे दिला.

मग बनाबाईपाशी येऊन, तिचा हात धरून, रेवतीने सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली.

बनाबाईने पदराच्या टोकाला पीळ दिला.

"माझं बघून आमच्या वाडीच्या सहाजनींनी बी पेरून घेतलंया," ती म्हणाली. "समद्या लावत्यात. फोनवर कोन सांगंल? तुमी गेलासा तर डबी लपवतील. म्या गेले तर हातात काढून देतील." तिने गालावरून हात फिरवला. "कापल्यावर मला बोलता यील?"

"लगेच नाही. पुढंही... पहिल्यासारखं नाही, मावशी."

परिचारिका चाकांची खुर्ची घेऊन दारात आली. बनाबाई उठली, पण त्या खुर्चीत बसली नाही. तिने रेवतीचं मनगट घट्ट धरलं.

"मग आजचा दिस मला वाडीला जाऊ द्या. उद्या कापा. सांगा की बाई, येका दिसानं मी मरंन का?"