एका बाहीचा कोट

"अहो, असा अर्धवट कोट नेऊन काय करणार? एक हात घरी ठेवून फिरणार का?"

कोट न्यायला आलेली मुलगी रागवायचंच विसरली. तिने घाईघाईने पर्समधून एक कोरं कार्ड काढलं.

"हे... पुन्हा म्हणा ना!"

तरुण शिंप्याने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. गिऱ्हाइकांची बोलणी त्याने पुष्कळ खाल्ली होती, पण त्याचंच बोलणं लिहून घेणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती आणि या महिन्यात 'अर्धवट' हा शब्द तिच्या वाट्याला आला होता. कचेरीचा नियम कडक. वाक्य मनाने रचायचं नाही. माणसांच्या तोंडून ऐकायचं, कार्डावर उतरवायचं आणि खाली 'बोलणारा आपला कोण' हा रकाना भरायचा. तिने लिहिलं – शिंपी.

"अशी वाक्यं हवीत होय? उद्या या. आमच्या घरात याच शब्दाचं राज्य आहे."

"आणि कोट?"

"तोही... उद्या."

उद्याचे किती उद्या झाले! "आमची मावशी अर्धवट ऐकते आणि पूर्ण भांडते," तो सांगायचा. काका अर्धवट झोपेत दाढी करायचे, म्हणून त्यांना एकाच बाजूला मिशी. चुलतभाऊ मनाने सोन्यासारखा, पण जरा अर्धवटच... ती हसत हसत लिहायची. काचेतून आलेल्या दुपारच्या उन्हात खडूची धूळ तरंगत राहायची. मध्येच मशीन थांबायचं, तो वर बघायचा, आणि ती उगाचच लिहिलेलं अक्षर पुन्हा गिरवायची. कोटाला दुसरी बाही काही लागेना. खरं सांगायचं तर तिलाही घाई नव्हती. शब्द संपला की इथे यायचं निमित्तही संपणार, या विचाराने तिचा जीव खालीवर व्हायचा.

कार्डं द्यायच्या आदल्या दिवशी ती आली, तर दुकानात त्याची आई बटणं लावत बसली होती.

"मावशी कशा आहेत आता?" तिने मायेने विचारलं.

"कोणाची मावशी गं?" आई म्हणाली. "मला ना बहीण, ना भाऊ. याचे बाबाही एकुलते एक."

शिंपी मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिला. हातात दोराच नव्हता.

आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बटणांची डबी उचलून ती आत गेली.

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली होती, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच.

"सगळंच खोटं बोललात? मी त्या मावशींना भेटायची स्वप्नं बघत होते!"

"मावशी खोटी..." तो पुटपुटला. मग त्याने खण उघडला. आत कागदात नीट गुंडाळलेली बाही होती. "ही दुसऱ्याच दिवशी तयार झाली होती. लावली असती तर तू – तुम्ही – परत कशाला आला असता? म्हणून कोट मुद्दाम अर्धवट ठेवला. मला तू फार आवडतेस. हे खरं आहे... लिहून घे हवं तर."

तिला हसू आलं, रडूही आलं. तिने खरंच कार्ड काढलं आणि कोटाचं वाक्य लिहिलं. खालच्या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. तिला 'शिंपी' लिहवेना.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंनी कार्डं मोजली. "अठरा म्हणाली होतीस. ही दोनच?"

"बाकीची रचलेली निघाली, बाई. चूक माझी. मी पुन्हा गोळा करते."

"आठ दिवस देते. एक जास्त नाही." बाईंनी शेवटचं कार्ड उजेडात धरलं, वाक्य दोनदा वाचलं. "आणि हा रकाना रिकामा का? अर्धवट कार्ड मी घेत नाही, ठाऊक आहे ना?"

"संध्याकाळी त्याला विचारून भरते," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कार्ड परत दिलं.

"भर. पण पेन्सिलने नको हं... शाईने भर."