अण्णांच्या नावावरची ओळ

मारणाऱ्याचं नाव आणि मेलेल्याचं नाव एकच निघालं, तेव्हा तपासनीस बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव तेच होतं.

अण्णा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेले होते. उशाशी औषधाचा पंप होता आणि त्या पंपाचं सॉफ्टवेअर अण्णांनीच सुरू केलेलं होतं. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, कुणीही सुधारावं. पंपाने वेदनाशामक गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोडलं आणि अण्णा झोपेतच गेले. इस्पितळातल्या यंत्रांची चौकशी करणं हे तपासनीस बाईंचं काम. चूक एका ओळीत सापडली. ती ओळ कोणी लिहिली हे कोडच्या इतिहासात पाहिलं, तर समोर खुद्द अण्णा.

नाव बाहेर फुटलं. त्या धंद्यातल्या लोकांना विनोद करायला मुहूर्त लागत नाही. ‘अण्णांनी टेस्टिंग मात्र मनापासून केलं,’ असं एका परिषदेत कुणीतरी व्यासपीठावरून म्हणालं आणि सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेत काकू, अण्णांच्या पत्नी, बसल्या होत्या. अण्णांच्या सन्मानाची ढाल घ्यायला त्यांना बोलावलं होतं. शेजारी लेक होती. तिने आईचा हात घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकू तपासनीस बाईंच्या टेबलासमोर उभ्या.

“ती ओळ त्यांची नाही.”

“कशावरून?”

“गॅस बंद केला का, हे तीनदा बघून झोपणारा माणूस होता तो.”

“हा पुरावा नाही, काकू.”

“मग पुरावा शोधा. ते गेले, ते काही परत येत नाहीत. पण लोक त्यांना हसतात, ते मला सोसत नाही. जो कोणी असेल त्याला सोडू नका.”

“कोणीही असला तरी?”

“कोणीही.”

असं म्हणणारी माणसं तपासनीस बाईंनी खूप पाहिली होती आणि पुढे त्यांचे चेहरेही पाहिले होते. तरी त्यांनी फाइल पुन्हा उघडली. एक गोष्ट त्यांनी अजून मुठीत ठेवली होती. पंप नेमका कशाने चुकतो, हे जाहीर केलं नव्हतं. अण्णांचं नाव फुटलं होतं, ओळ फुटली नव्हती. तपासनीस बाई आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ सोडून ती कुणालाच माहीत नव्हती.

प्रकल्पाचं ऑफिस सायकलच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, वायरींचं जंगल. तिथे मेजर भेटली. लष्करात कधी नव्हती, पण शिस्तीपायी सगळे तिला मेजरच म्हणत.

“अण्णांशी तुमचं वाजलं होतं म्हणे?”

“चांगलंच. त्यांना जुनी व्हर्जन कंट्रोल यंत्रणा सोडून नवीवर जायचं होतं. मी म्हटलं, कोणी काय बदललं याच्या नोंदी नीट राहतायत ना? मग कशाला हात लावायचा?”

“दोन्हींत फरक काय?”

“जुनीत सगळा इतिहास एका सर्व्हरवर, आणि किल्ली एकट्या अण्णांकडे. दुरुस्ती कुणाचीही असो, आत टाकणार अण्णा. नोंद पडणार अण्णांच्या नावाने.”

“म्हणजे ती ओळ कुणाचीही असू शकते.”

“नाही ना! दुसऱ्याचं काम असेल, तर अण्णा नोंदीखाली ‘आभार’ म्हणून त्याचं नाव लिहायचे. कधीच विसरले नाहीत. इतिहास नवीवर हलवताना तो आभाराचा मजकूर वाचून खऱ्या माणसाचं नाव लागलं. तुमच्या नोंदीवर नाव अण्णांचंच राहिलं, तेव्हा तिच्याखाली आभार नसणार. म्हणजे ओळ त्यांचीच.” मेजरला हे सांगताना वाईट वाटत होतं आणि तिने ते लपवलं नाही.

“हलवलं कोणी?”

“अण्णांनी आधी रंगीत तालीम केली. सगळा इतिहास हलवून ती प्रत आम्हाला दिली, वापरून बघा म्हणून. मग ते इस्पितळात गेले. ते वारल्यावर खरं स्थलांतर ताईने केलं. आता किल्ली तिच्याकडे आहे.”

“जुना सर्व्हर?”

“ताईने डिस्क पुसून भंगारात दिला.”

“आणि तालमीची प्रत?”

“पुसा म्हणाली, पुसली.”

ताई म्हणजे अण्णांची लेक. आतल्या खोलीत वडिलांच्याच खुर्चीत बसली होती. डोळे सुजलेले, बोलणं मऊ.

“ती नोंद तुम्ही पाहिलीत?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“नाही हो. धीरच होत नाही. तुमच्याकडून नाव ऐकलं तेवढंच.”

“स्थलांतर करताना काही गडबड?”

“काहीच नाही. तालमीसारखंच केलं. त्याच पद्धतीने.”

“मग डिस्क इतक्या घाईने का पुसल्या?”

“त्यात इस्पितळांचे पासवर्ड होते. बाबांचाच नियम होता तो.” तिने डोळे पुसले. “बाबा थकले होते हो शेवटी. नाहीतर औषधाची नवी पिशवी लावली की पंप आधीचं विसरतो, ही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नसती. तुम्ही आईला एवढं समजावा. ती उगाच जिवाला लावून घेते.”

तपासनीस बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “समजावते,” त्या म्हणाल्या.

प्रकल्पातला तिसरा माणूस दुभाष्या. पंपाच्या पडद्यावरचा मजकूर इतर भाषांत नेणं हे त्याचं काम. त्याच्या घरात पाय ठेवायला जागा शोधावी लागली.

“तालमीची प्रत पुसलीत?”

तो ओशाळला. “त्याची एक गंमतच झाली. ताईने नवी प्रत दिली, तेव्हा माझं मशीन हटून बसलं. म्हणे, हे दोन इतिहास जुळतच नाहीत. ताईला विचारलं, तर म्हणाली, असं होतंच, जुनी पुसून नवी घे.”

“आणि पुसलीत?”

“फोल्डरला ‘जुनं’ नाव देऊन बाजूला ठेवलं. आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. माझ्याच्याने तर काहीच टाकवत नाही. तो बंद टोस्टर बघा. बायको म्हणते, मी मेले की मलाही ठेवशील.”

तपासनीस बाईंनी फोल्डर उघडायला लावलं. हवी ती नोंद सापडली. त्यांना आनंद झाला. नोंदीखालचा मजकूर वाचला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ऑफिसात जमले. काकू लेकीच्या शेजारी बसल्या होत्या. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

“काकू,” तपासनीस बाई म्हणाल्या, “हे इथेच थांबवता येईल.”

“बोला तुम्ही.”

“नव्या यंत्रणेत प्रत्येक नोंदीला एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो त्या नोंदीच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून निघतो. तोच इतिहास त्याच पद्धतीने दोनदा हलवला, तर दोन्ही वेळा तेच क्रमांक यायला हवेत. एका नोंदीतलं अक्षर जरी बदललं, तरी तिथून शेवटपर्यंत सगळे बदलतात.” त्यांनी मेजरकडे पाहिलं. “बरोबर?”

“बरोबर,” मेजर म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“दुभाष्याकडे अण्णांनी स्वतः केलेली तालमीची प्रत आहे. मी दोन्ही शेजारी ठेवल्या. सुरुवातीपासून क्रमांक हुबेहूब. मग एका नोंदीवर फाटा फुटतो आणि पुन्हा जुळत नाही. ती नोंद आपल्या ओळीची आहे. म्हणजे तालमीनंतर कुणीतरी तिथे हात घातला. तेही आमच्या चौकशीला ओळ सापडायच्या आधी, कारण आम्ही पाहिलं तेव्हा अण्णांचंच नाव होतं. ही ओळ जीव घेते, हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानेच हे केलं.”

तपासनीस बाईंनी फाइलचं पान उलटलं.

“नवी पिशवी लावली की पंप आधी दिलेलं औषध विसरतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते ताईने. आणि त्याच्या आधी म्हणाली, नोंद पाहिलीच नाही. सर्व्हर तिने पुसला. प्रती पुसायला तिने लावल्या.”

काकू हळूच लेकीकडे वळल्या. “कुणाला वाचवतेस?”

“स्वतःला,” तपासनीस बाई म्हणाल्या. “तालमीच्या प्रतीत या नोंदीखाली आभार आहेत, काकू. वाचू?”

“वाचा.”

“‘आभार माझ्या लेकीचे. तिची पहिलीच दुरुस्ती. तिची म्हणून तपासली नाही.’”

काकूंनी लेकीच्या हातातून आपला हात काढून घेतला. गॅस तीनदा बघणारा माणूस एकदाच निर्धास्त झाला होता.

“आई, मी घाबरले गं,” लेक रडू लागली. “औषध जास्त गेलं असा इस्पितळातून फोन आला तेव्हाच मला कळलं, काय झालं असेल ते. बाबा तर गेलेच होते. त्यांना आता काय फरक पडणार होता?”

“मला पडत होता. ते लोक हसले तेव्हा तू शेजारी होतीस. हात धरून बसली होतीस माझा.”

“आई…”

“हे नीट कोण करू शकतं?” काकूंनी मेजरला विचारलं.

“तालमीची प्रत मूळ जागी चढवावी लागेल. पुढच्या नोंदी मी नंतर जोडेन. पण किल्ली ताईकडे आहे.”

“मग तीच करेल. आत्ता, माझ्यासमोर.”

तपासनीस बाईंना वाटलं, थांबवावं. मेजर करेल, उद्या होईल, काहीतरी म्हणावं. पण ‘कोणीही असला तरी?’ असं त्यांनीच विचारलं होतं. त्यांनी लेकीला वाट करून दिली.

लेक वडिलांच्या खुर्चीत बसली. पासवर्ड चुकला, पुन्हा टाकावा लागला. काकू मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर ती नोंद आली, तिच्यावर लेकीचं नाव होतं. खाली प्रश्न उमटला, सध्याचा इतिहास कायमचा बदलेल, नक्की?

“सगळं जग बघेल गं, आई. बाबांना मी मारलं म्हणून. जन्मभर बघेल.”

काकूंनी चष्मा लावला आणि प्रश्न स्वतः एकदा वाचला.

“हो म्हण,” त्या म्हणाल्या.