वीज नको, गारवा द्या!

धरणाची वीज आमच्या डोक्यावरून तारांतून शहरात जाते आणि खाली आमच्या करंजवाडीत साधा दिवा नाही. सोडवा बघू हे कोडं! २०४३ साल उजाडलं तरी मला ते सुटलेलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला, भिवाला, रोज इन्सुलिन (रक्तातली साखर आवरणारं औषध) टोचावं लागतं. त्याचा साठा गार ठेवावा लागतो, म्हणून तो असायचा जलाशयापलीकडच्या दवाखान्यात, आणि फ्रिज नसलेल्या घरी ते बाटली देत नसत. आई त्याला रोज लाँचने तिकडे न्यायची. वारा सुटला की लाँच बंद, आणि लाँच बंद की भिवा अंथरुणात. गेल्या श्रावणात तर तो हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून आम्ही सरकारी योजनेतून सौर फ्रिज मागितला. योजनेचा यंत्रमानव तपासणीला आला. त्याने आकडेमोड केली आणि गोड आवाजात सांगितलं, की फ्रिज रात्री चालवायला मोठ्या बॅटऱ्या लागतील, त्या काही वर्षांनी बदलाव्या लागतील, आणि बारा घरांच्या वाडीसाठी एवढा खर्च परवडत नाही. नामंजूर! माझं डोकंच फिरलं.

साताऱ्यात फ्रिज दुरुस्त करणारी माझी हौसाआत्या तेव्हा सुट्टीला आली होती. भाकरी थापता थापता ती उठली.

"काय रे, औषधाला वीज लागते की गारवा?"

"गारवा," यंत्रमानव म्हणाला.

"मग गारवाच साठव की!"

मग तिने आम्हाला नीट समजावलं. सौर पट्ट्यांची वीज थेट कॉम्प्रेसरला (वायू दाबणाऱ्या पंपाला) द्यायची. फ्रिजच्या भिंतीत पाणी भरलेलं असतं, दिवसभरात त्याचा बर्फ होतो. ऊन गेलं की पंप थांबतो, पण बर्फ वितळताना भरपूर उष्णता शोषून घेतो आणि पूर्ण वितळेपर्यंत गारच राहतो. भिंती जाड असल्या की चार-पाच दिवस ढग आले तरी निभावतं. इन्सुलिन मात्र गोठता कामा नये, म्हणून बर्फ आणि औषध यांच्यात गारवा थोपवणारा पडदा ठेवायचा.

यंत्रमानवाने पुन्हा हिशोब केला. बॅटऱ्या गेल्या आणि खर्च निम्म्याखाली आला. ही युक्ती नवी आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्याच्या जन्माआधीपासूनची आहे, पण अर्जात फ्रिज लिहिला की बॅटरी आपोआप जोडली जाते.

आपोआप म्हणे! त्या आपोआपपायी माझा भाऊ पुन्हा मरणाच्या दारात गेला असता. मी यंत्रमानवाला हलू दिलं नाही. तिथेच बसवून अर्ज दुरुस्त करून घेतला, नुसता आमचा नाही, जलाशयाकाठच्या सगळ्या वाड्यांचा.

फ्रिज गणपतीआधी आला. पुढच्याच आठवड्यात वादळ झालं आणि लाँच पाच दिवस बंद राहिली. पाचही दिवस भिवा वाडीच्या शाळेत गेला. पाचव्या दिवशी मारामारी केली म्हणून गुरुजींनी त्याला अंगठे धरून उभं केलं. आईने हसत हसत त्याचा फाटलेला सदरा शिवला.