व्होल्गाच्या पोटातलं तेल

कानिशायने दार उघडलं तेव्हा बुरुलचा बर्फातच बसकण मारून बसली होती.

“एजे, माझ्या नवऱ्याने दोर शोधून ठेवला होता. मी तो चुलीत घातला. पण दोरांचा काय दुष्काळ आहे? बाजारात ढिगाने मिळतात.”

कानिशायची उमेदीची वर्षं विमा कंपनीत मोडक्या गाड्या तपासण्यात गेली होती. आता ती लोकांची मोडकी प्रकरणं तपासत असे. तिला नारिन गावात सगळे ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. तिचा मावसभाऊ दोलोत तिची गाडी चालवी. हात भक्कम, डोकं जरा निवांत.

“आधी चहा घे,” कानिशाय म्हणाली.

“चहाला वेळ नाही. दुपारी पुरणार आहेत.”

खिंडीपलीकडच्या आत-बाशी गावच्या ओमुर्झाक-आबांची बायको, जुमाकान, छातीत कळ येऊन कोसळली होती. बर्फामुळे दवाखान्याची गाडी पोचेना. आबांनी तिला आपल्या जुन्या व्होल्गा गाडीत घातलं आणि निघाले. खिंडीत इंजिन आखडलं. कोळशाचा ट्रक येईपर्यंत जुमाकान गेली होती.

“आबांनी इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल काजळीसारखं काळं! अन् माझ्या नवऱ्याने, झारलिकने, गेल्याच आठवड्यात तेल बदललेलं. आबा म्हणतात, नवं तेल याने विकून खाल्लं, जुनं परत ओतलं. चार वडीलधाऱ्यांसमोर बोललेत, ज्या हाताने ते तेल ओतलं त्या हातची माती माझ्या बायकोच्या कबरीत पडणार नाही. एजे, ज्याला माती टाकू देत नाहीत त्याला मग आमच्या खोऱ्यात खिळा ठोकायलाही कुणी बोलावत नाही. आणि तो खुनी नाही हो!”

कानिशायने कोट चढवला.

*

आबांच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा होता, आत जुमाकान. बाहेर पुरुष रिवाजाप्रमाणे काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते. सगळ्यांत पुढे कंबरेला पट्टा बांधून उभा होता तो मुलगा, अक्तान. मॉस्कोहून सुट्टीवर आलेला. त्याचा आवाज पार बसला होता.

आबा रडत नव्हते. ते नुसते बोलत होते, थांबलं तर कोसळू अशा भीतीने.

“ह्या गाडीला थंडीत रोज सकाळी खालून दिव्याची आच द्यावी लागते. मगच इंजिन फिरतं. त्या दिवशी पहिल्या फटक्यात सुरू झाली! मला वाटलं, खुदाने हात दिला.”

“आच दिलीच नाही?”

“ती तडफडत होती, आच कसली देणार! खिंडीत तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. दिसला मला. पण ती मागे कण्हत होती, थांबणार कसा?”

“तेल कुठलं घालता, आबा?”

“साधं, जुन्या पद्धतीचं, स्वस्तातलं. गाडी घेतली तेव्हापासून तेच. पोरगा भारी भारी काही आणतो, मी हात लावत नाही. त्याने आणलेला कोट तसाच खुंटीला आहे. त्याने आपलं घर बांधावं, बापाचे लाड कशाला?”

शेजारचा मुकाश लग्नासाठी गाड्या भाड्याने देई. व्होल्गावर त्याचा डोळा होता हे सगळं गाव जाणत होतं. दोलोतने त्याला नजरेनेच बेड्या घातल्या.

“मागितली होती, नाही कुठे म्हणतो?” मुकाश फणकारला. “चालती गाडी मागितली होती, बाई! नवरी बसवून ढकलत नेऊ की काय?”

झारलिक आपल्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. कानिशायकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

“डबा आबांच्याच घरचा. अक्तानने आणून दिला.”

“झाकण सीलबंद होतं?”

“नाही. आबा मधूनमधून थोडी भर घालतात, त्यामुळे डबा नेहमी फोडलेलाच येतो.”

“ओतताना काही वेगळं वाटलं?”

“पातळ होतं. थंडीतसुद्धा पाण्यासारखं गेलं. म्हटलं, चुलीजवळ ठेवलं असेल.” मग तो हळूच म्हणाला, “जुमाकान-एजेने माझ्या लग्नात रजई शिवली होती.”

ओढून आणलेली व्होल्गा आबांच्या गोठ्याशेजारी उभी होती. दोलोतने खालचं तेलाचं पात्र उतरवलं. तेल ओढणारी जाळी काळ्या चिकट गाळाने गच्च लिंपली होती. मग त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढलं. आत वर्षानुवर्षांची काजळी हवी. तिथे जागोजागी स्वच्छ धातू चमकत होता.

“बघ, गाळच गाळ! झारलिकने घाणच ओतली. प्रकरण मिटलं,” दोलोत म्हणाला.

“घाणीने भिंती धुतल्या जातात का रे?”

दोलोतने डोकं खाजवलं आणि नको त्या प्रश्नापासून पळ काढून तो गोठ्यात शिरला. तिथून त्याची हाक आली, “एजे, मध! गवताखाली दोन मोठ्या बरण्या मध!” त्याने बोट बुडवून चाटलंसुद्धा. मग जो थुंकत सुटला तो थांबेचना.

कानिशायने बरणी उजेडात धरली. पिवळंधमक, न वापरलेलं तेल. थंडीने तुपासारखं थिजलेलं.

परतताना अक्तानने तिला गाठलं.

“एजे, थंडीनेच झालं असेल ना? थंडीने आखडतात इंजिनं.”

“मॉस्कोत काय करतोस?”

“टॅक्सी चालवतो.”

“मग तिथे रोज आच देत असशील.”

“छे, तिथलं तेल कितीही...” तो थांबला आणि काठीवर वाकून पुन्हा रडू लागला.

*

जुमाकानला बाहेर आणलं. मुल्लाने रिवाजाप्रमाणे विचारलं, “हिच्याविषयी कुणाची काही तक्रार?”

“तिच्याविषयी नाही. तिच्या मरणाविषयी आहे,” बुरुलचा म्हणाली.

कानिशाय पुढे आली. तिला हे बोलायचं नव्हतं. पण झारलिक अंगणाच्या कडेला मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्या आजूबाजूला कुणीच उभं राहत नव्हतं.

“झारलिकने ओतलं ते तेल नवं होतं. जुनं तेल थंडीत थिजतं, आबांचं नेहमीचंही थिजतं. म्हणून तर रोज आच. त्या दिवशी गाडी आच न देता सुरू झाली, तेव्हा इंजिनात तिसरंच काही होतं. पातळ, महागडं, आजच्या गाड्यांचं तेल. झारलिकलाही ओतताना ते पातळ लागलं.”

“मग काळं कसं झालं?” आबांनी विचारलं.

“ह्या तेलात धुण्याची ताकद असते. नव्या इंजिनाला ते औषध. पण ही गाडी जन्मभर साध्या तेलावर जगली. त्याने काजळी वाहून नेली नाही, भिंतींवर थापत ठेवली. नव्या तेलाने आठवडाभरात ती सोडवली. तेल काळं पडलं आणि निघालेला गाळ जाळीत बसला. जाळी बंद झाली, इंजिन कोरडं पडलं. तेल वाईट नव्हतं, आबा. ह्या गाडीसाठी ते फार चांगलं होतं.”

कानिशाय मुकाशकडे वळली.

“वैऱ्याने वाळू टाकली असती. एवढं महाग तेल वैऱ्यासाठी कोण घेतं? मुकाशला तर गाडी धडधाकट हवी होती. नेहमीचं तेल कुणीतरी बरण्यांत काढून गवतात लपवलं आणि त्या डब्यात हे भरलं. चांगली वस्तू भिकार डब्यात लपवून कोण देतं? ज्याच्या हातून आबा उघडपणे कोटसुद्धा घेत नाहीत, तो. ज्याने डबा झारलिककडे नेला, तो.”

अक्तानची काठी बर्फात पडली.

“तुम्ही रोज सकाळी आच द्यायला गाडीखाली आडवे व्हायचात, बाबा. पाठ धरायची. आईच म्हणाली, काहीतरी कर. विचारलं असतं तर तुम्ही डबा अंगणात भिरकावला असता.”

“भिरकावलाच असता,” आबा म्हणाले.

दोलोतने कानिशायकडे पाहिलं. सोडवलेल्या कोड्याचा एवढा वाईट चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

वडीलधारे आबांकडे बघत होते. शब्द चारचौघांत दिलेला होता आणि आबा शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. डब्यात ते तेल ओतणारा हात आपला, हे अक्तानला कळलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, त्या मागे राहतात. तो मुकाट्याने त्यांच्याकडे चालू लागला.

“थांब,” झारलिक म्हणाला. “तेल इंजिनात ओतलं ते मी. डबा कुणीही भरलेला असो. पातळ लागलं, तरी मी विचारलं नाही. आबांचा शब्द मी पाळतो. तू जा.”

“अरे, आत्ता कुठे तुझं नाव...” बुरुलचाने त्याची बाही धरली.

“सगळ्यांनी ऐकलं ना? मग झालं. त्याला आई एकच होती.”

अक्तान जागचा हलेना. शेवटी आबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला जनाज्याकडे ढकललं. बापलेकांनी पुढचा खांदा दिला.

माती देऊन माणसं परतली तेव्हा झारलिक जेवणाच्या कढईखाली लाकडं सारत होता. ह्या खोऱ्यात सलाम लहानाने आधी करायचा असतो. आबा भर अंगणातून त्याच्यापर्यंत चालत गेले, छातीवर हात ठेवून वाकले, आणि त्याच्या आधी त्यांनीच सलाम केला.