भिंतीवरचा पावणा

ग्रामस्वच्छता अभियानाच्या साली आमच्या नारायणगावच्या आळीत भिंतींवर चित्रं काढली. कुणाला मोर, कुणाला द्राक्षाचा मांडव. माझ्या भिंतीला संडास! भगवंता पेंटरला म्हणलं, "मेल्या, येणारा पावणा चित्रात शिरंल की!"

समोरच्या साळुबाईच्या भिंतीवर माळशेज घाटाचा रस्ता आन खाली तिचंच घर. तिचा नवरा भिका टमाट्याचा टेम्पो घिऊन त्याच घाटानं गेला, तो परत आलाच न्हाई. दीर गेणभाऊ सारखा टोचायचा, "वैनी, आता कुंकू पुसा. मंग घराचं बघू."

रंग वाळला आन चित्रातल्या घाटावर एक बारका माणूस दिसाया लागला.

"ठकूआत्या, ह्ये तुमचंच काम!" सगळी आळी माझ्यावर. आता मी थापा मारते, खरं हाय. पण बरश कधी धरला न्हाई.

भगवंता लांबनंच म्हणला, "माझा न्हाई. तोंड शेवटाला काढायची रीत माझी, पण ह्यो मी न्हाई काढला."

कारण त्या माणसाला तोंडच नव्हतं.

दर बाजाराला त्यो थोडा खाली आलेला असायचा. आधी टोपी कळली, मंग चौकडीचा शर्ट. गेणभाऊनं चिडून वर चुना मारला. सकाळी माणूस चुन्यावर उभा. भिंतीला डिझेलचा वास.

साळुबाई शर्टावरनं बोट फिरवत म्हणली, "आत्या, ह्यो मीच शिवलेला."

एक दिवस दिवेलागणीला त्यो चित्रातल्या दाराशी पोचला. साळुबाई भाकरीचा तुकडा आन पाण्याचा तांब्या घिऊन भाईर आली.

"अगं येडे, भाकरतुकडा जित्त्या माणसावरनं ववाळत्यात!"

"मंग?" म्हणली.

तिनं भिंतीवरनं तुकडा ववाळला, लांब फेकला. त्याच्या पायावर पाणी वतलं. रंग पार वाळलेला, तरी पाणी लाल झालं.

सकाळी भिंतीवर घाट व्हता, घर व्हतं. माणूस नव्हता.

गेणभाऊ साळुबाईच्या अंगणात उभा. एकेक पाऊल माघं सरत व्हता. मी आत वाकून बघितलं.

चौकडीचा शर्ट घालून कुणीतरी पाटावर बसलेलं. आमच्याकडं पाठ. म्होरं ताट वाढलेलं, भाकरी तशीच.

साळुबाई दारात आली. कपाळाला ठसठशीत कुंकू. लई दिसांनी हसली.

"आत्या, तुझी काजळाची डबी दे ना. डोळं तेवढं राह्यल्यात."

आन आत, पाटावरच्यानं मान वर केली.